मुद्दलाला हात न लावता संस्था कशी चालते? कायम निधीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांचे खजिनदार, वसतिगृहांचे संचालक, देवस्थानांचे विश्वस्त आणि 'आई-वडिलांच्या नावाने कायमचं काहीतरी करायचंय' म्हणणारे निवृत्त शिक्षक यांच्याकडून मराठवाड्यात हे प्रश्न फिरून फिरून येतात. आयकराची कलमं इथे १९६१ च्या कायद्याच्या क्रमांकांनी दिली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. पण सीएपासून संस्थेच्या कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून ११ (संस्थेची करमाफी), १२ए (त्यासाठीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराची सवलत) हेच आहे, म्हणून तेच ठेवले.

कायम निधी म्हणजे नेमकं काय?

मुद्दल मोडायचं नाही आणि त्याच्या उत्पन्नातून काम चालवायचं, या बोलीवर देणगीदाराने दिलेली रक्कम. पावतीवर कुणी कॉर्पस लिहितं, कुणी अक्षय निधी, कुणी कायम ठेव. हिशेबात खातं एकच.

याचा सगळ्यात लहान नमुना तालुक्याच्या कुठल्याही जुन्या हायस्कुलात सापडेल. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे ऑइलपेंटने रंगवलेला फळा असतो: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, दहावीत गणितात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास. ठेव रु. ५,०००.' नव्वदच्या दशकात बँक ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती, म्हणजे वर्षाला ६०० रुपये. त्यात शब्दकोश, कंपासपेटी, चांगला पेन एवढं सगळं बसायचं. आज ७ टक्के धरले तर ३५० रुपये येतात आणि मुख्याध्यापक पदरचे शंभर-दोनशे घालून पाकीट पूर्ण करतात. मुद्दलातला एक रुपया कुणी खाल्लेला नाही, तरी बक्षीस आटलं. या पानावरचे अर्धे प्रश्न याच फळ्यापाशी येऊन थांबतात.

हे परदेशी विद्यापीठांचं खूळ आहे ना? आपल्याकडे दान म्हणजे दिलं आणि विसरलं.

असं म्हणणाऱ्यांनी एकदा छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की या नजरेने पाहावी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. दूरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून सोडलं, त्यावर जातं फिरवलं आणि ते पीठ तिथे येणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना खाऊ घातलं. रोज कुणी पिठाचं पोतं आणून टाकावं ही अपेक्षाच ठेवली नव्हती. दान एकदाच झालं, ते चक्कीचं आणि पाण्याचं. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय आज त्याच आवारात आहे.

देवळांना दिवाबत्तीसाठी आणि नित्यपूजेसाठी लावून दिलेल्या इनाम जमिनी हीसुद्धा तीच कल्पना: जमीन देवाची, पीक सेवेला. निजामाच्या राज्यात अशा मालमत्तांसाठी वेगळं खातं आणि वेगळे नियम होते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदाच आहे.

आधुनिक भारतातला जुना नमुना १८९२ चा. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जे. एन. टाटा एंडोमेंट सुरू केलं. त्यात मदत कर्जरूपाने मिळते. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जातो. के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर याच निधीच्या आधाराने इंग्लंडला शिकायला गेले. स्थापनेच्या वेळी या दोघांचा जन्मही झालेला नव्हता.

मग इनाम जमिनींचं पुढे काय झालं? आमच्या देवस्थानाची सत्तर एकर कागदावर आहे, पण तेलाला पैसे नाहीत.

हा प्रश्न मराठवाड्यात जितका चिघळलेला आहे तितका क्वचितच कुठे असेल. हैदराबाद संस्थानातल्या इनामांसाठी १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा आला. देवस्थानाच्या आणि सेवेच्या जमिनींचा गुंता मात्र त्यातून सुटला नाही. कुठे पुजाऱ्याचं नाव वहिवाटीतून मालकीच्या रकान्यात सरकलं, कुठे कुळाचं लागलं, कुठे शहर वाढत वाढत जमिनीवर आलं आणि प्लॉट पडले. ठोका, म्हणजे जमिनीचा वर्षाचा बांधलेला खंड, ठरला तो आजोबांच्या काळात आणि नातू अजून तेवढाच देतो, हेही नेहमीचं.

निधी जमिनीत असला की तो आपोआप टिकतो ही समजूत महाग पडते. जमीन जागची हलत नाही, सातबारा मात्र हलतो. दरवर्षी सातबारा आणि फेरफार काढून पाहणं, ठोक्याचा किंवा बटईचा करार लेखी करणं, तो दर दोन-तीन वर्षांनी बाजारभावाशी ताडून पाहणं, एवढं केलं नाही तर सत्तर एकरांतूनही तेलाचे पैसे निघत नाहीत. सार्वजनिक न्यासाची जमीन विकणं, अदलाबदल करणं, बक्षीस देणं, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि इतर मालमत्ता तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर देणं, यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. 'सगळ्या विश्वस्तांचा ठराव आहे' म्हणून काम भागत नाही.

दरवर्षी देणग्या येतातच. मग पैसा अडकवून कशाला ठेवायचा?

देणग्या कधी येतात ते बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि देशभरातून, परदेशातून मदतीचा लोंढा आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा प्रत्येक वाहिनीवर लातूर होतं आणि टाक्या, चारा, धान्य यांना देणारे हात कमी पडले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला की फोन थांबतात. अनाथ झालेलं पोर मात्र पुढची पंधरा वर्षं शिकायचं असतं.

दुसरं असं की दाता वस्तूला देतो. रुग्णवाहिका, संगणक, कूपनलिका यांना पाटी लावता येते. रुग्णवाहिकेच्या चालकाच्या पगाराला पाटी लागत नाही. वीजबिल, लेखापरीक्षकाची फी, छताची गळती, स्वयंपाकीणबाईंचा पगार यांसाठी देणगी मागायला गेलं की समोरचा म्हणतो, 'तेवढं तुम्ही बघा.' कायम निधीचा खरा उपयोग इथे आहे. तो संस्थेचा कंटाळवाणा खर्च उचलतो, आणि हाच खर्च थकला की चांगल्या संस्था बंद पडतात.

आमच्या संस्थेला किती निधी लागेल?

एक कल्पित पण ओळखीचं उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह आहे. दिवाळीच्या सुमाराला आई-बाप टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि मुलं मागे राहतात. वर्षाचा खर्च १२ लाख. त्यातले अधीक्षक आणि स्वयंपाकीण यांच्या पगाराचे ३ लाख.

पूर्ण १२ लाख निधीतून काढायचे आणि दरवर्षी निधीच्या ४ टक्केच उचलायचे, तर ३ कोटी लागतील. हा आकडा ऐकून बैठकीत चहा थंड होतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून प्रश्न उलटा विचारावा: कुठल्या खर्चाला दाता मिळत नाही? उत्तर पगार असेल तर ३ लाखांपुरता विचार करा. ७ टक्के व्याज सगळंच्या सगळं खर्चायचं म्हटलं तर ४३ लाख पुरतात, ४ टक्केच उचलायचे तर ७५ लाख हवेत. धान्य, किराणा, गणवेश यांसाठी गावातून आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींकडून दरवर्षी मिळतच राहील. मिळत राहिलंही पाहिजे, कारण वर्गणी बंद झाली की गावाचं लक्षही जातं.

आणि महिन्याचा पगारच थकलेला असेल तर कायम निधीच्या मागे लागू नका. दात कोरून पोट भरत नाही. आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढा साधा राखीव निधी उभा करा, जो अडीअडचणीला मोडता येतो. कायम निधी त्यानंतर.

७ टक्के व्याज येतं तर ४ टक्केच का उचलायचे? सगळं व्याज खर्च केलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते वीस वर्षांनी कळतं. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर आजच्या १० लाखांची वीस वर्षांनंतरची खरेदीशक्ती पावणेचार लाखांच्या आसपास उरते. बँकेच्या पासबुकावर १० लाखच दिसत राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

या चुकीतून नोबेल पारितोषिकही सुटलं नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात संपत्ती 'सुरक्षित रोख्यांत' गुंतवायला सांगितलं होतं. पहिलं पारितोषिक १९०१ मध्ये दिलं गेलं. पुढे रोख्यांचं उत्पन्न, कर आणि महागाई यांच्या कात्रीत बक्षिसाची खरी किंमत घसरत गेली. १९४६ मध्ये स्वीडनने निधीला करमाफी दिली, १९५३ मध्ये शेअर आणि स्थावरात गुंतवणुकीची मोकळीक दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तरीही २०१२ मध्ये बक्षीस १ कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणावं लागलं. निधी राखायचा म्हणून जगातल्या सर्वात मानाच्या पारितोषिकाची रक्कम कमी केली, आणि सांगून केली. शाळेच्या फळ्याचं आणि स्टॉकहोमचं दुखणं एकच आहे. फरक इतकाच की तिथे कुणीतरी हिशेब करत होतं.

मोठ्या अमेरिकी विद्यापीठांची साधारण पद्धत अशी की मागच्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या ४ ते ५ टक्केच दरवर्षी काढायचे. बाजार चढला म्हणून उधळायचं नाही, पडला म्हणून वसतिगृह बंद करायचं नाही. हार्वर्डचा निधी ५० अब्ज डॉलरच्या वर आहे आणि विद्यापीठाच्या वार्षिक उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यातून येतो. पण तो निधी मुख्यतः शेअर आणि तत्सम वाढत्या मालमत्तेत असतो. नुसत्या मुदत ठेवीवर बसलेल्या संस्थेने ४ टक्के हीसुद्धा सढळ मर्यादा समजावी.

पण कायदा तर म्हणतो ८५ टक्के उत्पन्न खर्च करा. मग मुद्दलात परत टाकायचं कसं?

बैठकीत हा प्रश्न निघाला की समजावं, खजिनदाराने घरी हिशेब केलेला आहे.

कलम ११ प्रमाणे करमाफी टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. आता १० लाखांच्या निधीवर ७० हजार व्याज आलं. महागाईबरोबर राहायचं तर ५० हजार मुद्दलात जायला हवेत. कायदा ठेवू देतो १०,५००. खड्डा ३९,५०० चा. महागाई म्हणते जप, आयकर म्हणतो खर्च कर.

वाट आहे. १५ टक्के हे नुसत्या व्याजाचे मोजायचे नसतात, एकूण उत्पन्नाचे मोजायचे असतात. संस्थेला त्याच वर्षी २ लाख साध्या देणग्या आल्या असतील तर उत्पन्न २ लाख ७० हजार आणि १५ टक्के म्हणजे ४०,५००. खड्डा साडेनऊ हजारांवर आला. उरलेल्यासाठी दरवर्षी थोडा नवा कायम निधी मिळवायचा, कारण कायम निधीसाठी लेखी सूचनेसह आलेली देणगी या ८५ टक्क्यांच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून कायम निधीचं आवाहन एकदा करून फळा रंगवला की संपलं असं होत नाही. ते दरवर्षी करावं लागतं.

कलम ११(२) खाली पाच वर्षांपर्यंत ठरावीक कामासाठी रक्कम साठवता येते, पण ती शेवटी त्या कामावर खर्चावीच लागते. इमारतीसाठी उत्तम सोय. मुद्दल वाढवायला तिचा उपयोग नाही.

पैसे कुठे ठेवायचे?

आधी कुठे ठेवायचे नाहीत ते. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेट सोसायट्या आणि पतसंस्था एकामागून एक अडकल्या. लग्नाचे, निवृत्तीचे पैसे गेलेल्या लोकांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणं केली. बँक ७ च्या आसपास देत होती तिथे ही मंडळी ११-१२ देऊ करत होती आणि बहुतेक वेळा एजंट ओळखीचाच असायचा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही, आणि कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या गुंतवणूक प्रकारांतही ती बसत नाही. संस्थेचा पैसा तिथे ठेवणाऱ्या विश्वस्तावर पैसा आणि करमाफी दोन्ही घालवल्याचा ठपका येऊ शकतो.

बँकेतही ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. ४० लाख एकाच नागरी सहकारी बँकेत ठेवण्याआधी एवढं आठवावं. सहकारी बँक असेल तर न्यासांच्या ठेवींसाठी ती शासनमान्य आहे का हेही पाहावं.

म्युच्युअल फंडाबद्दल विचारणा वाढली आहे. आयकराच्या बाजूने त्याला वाव आहे. पण राज्याच्या कायद्याचं कलम ३५ वेगळं बोलतं: अनुसूचित बँका, पोस्ट, मान्यताप्राप्त सहकारी बँका, सरकारी रोखे. त्यापलीकडे जायचं तर धर्मादाय आयुक्तांचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश हवा. एका कायद्यात चालतं म्हणून दुसऱ्यात चालेलच असं नाही. शेअर बाजारात थेट समभाग घेणं मात्र बहुतेक संस्थांनी विसरावं.

घरगुती वाटतील अशा तीन गोष्टी, पण पैसे इथेच जातात. ठेव संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या पॅनवर असावी, 'अध्यक्ष व सचिव' यांच्या नावे नको. एकाचं निधन झालं की वारसाहक्काचं लचांड मागे लागतं. सगळ्या ठेवींची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नये. आणि मुदतीच्या तारखा भिंतीवर लिहाव्यात. दहा वर्षं कुणी न फिरकलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत वळती करते. ती परत मागता येते, आणि २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधताही येते. जुन्या शाळांनी एकदा शोधून पाहावी. फळ्यावर नाव आहे आणि पावती कुणाकडेच नाही, अशा ठेवी निघतात.

फारच अडचण आली तर मुद्दल वापरता येतं का?

देणगीदाराच्या अटीत बसत असेल आणि विश्वस्तांचा ठराव असेल तर उसनवार म्हणून. पण कायम निधीतून केलेला खर्च त्या वर्षीच्या ८५ टक्क्यांत मोजत नाहीत. रक्कम पाच वर्षांच्या आत परत निधीत भरली तर ज्या वर्षी भरली त्या वर्षी मोजतात. ठरावात रक्कम, कारण आणि परतफेडीचं वेळापत्रक हवं. 'पुढे बघू' असं इतिवृत्तात लिहिलेलं चालत नाही.

वाळूज, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांकडून सीएसआरमधून (कंपन्यांना कायद्याने करावा लागणारा सामाजिक खर्च) कायम निधी मिळेल का?

नाही. २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरत नाहीत. कंपनीकडे प्रकल्प घेऊन जा. कायम निधी माणसांकडे मागा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला आजीच्या नावाने निधी द्यायचाय.

त्याचा पासपोर्ट कुठला, हा पहिला प्रश्न. भारतीय नागरिक असेल तर परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवावी. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (विदेशी देणगी घेण्यासाठीची केंद्राची नोंदणी) आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं हवं, आणि त्या पैशाचं व्याजसुद्धा विदेशी अंशदानच मोजतात. छोट्या संस्थेला हे झेपत नाही. अशा वेळी गावात राहणाऱ्या भावाने स्वतःच्या पैशातून द्यावं हे बरं. त्याच्या खात्यात पैसे फिरवून 'देशी' करायची युक्ती मात्र कुणी सुचवली तर ऐकू नये.

देणगीवर कोणती अट घालावी?

मोठी. 'मुलींच्या शिक्षणासाठी' ही अट शंभर वर्षं चालते. 'मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस' ही अट चालत नाही, कारण ते यंत्रच भंगारात गेलं. अट पाळणं अशक्य झालं की निधी मूळ हेतूच्या जवळच्या कामाकडे वळवायला राज्याच्या विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ५५ खाली धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयापर्यंत जावं लागतं, आणि १५ हजारांच्या ठेवीसाठी तेवढं कुणी करत नाही. पत्रात एक वाक्य घातलं तर हे टळतं: 'हे काम करणे शक्य न झाल्यास विश्वस्तांनी या हेतूच्या जवळच्या कामासाठी उत्पन्न वापरावे.'

एक आगाऊ सल्ला: गणितात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यायला सगळ्यांना आवडतं. नापास झालेल्याच्या पुरवणी परीक्षेच्या फीसाठी ठेव अजून एकाही फळ्यावर दिसलेली नाही.

सगळंच कायमचं कशाला? पैसा आज हवा आहे.

रास्त आहे. बिल गेट्स यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांचं फाउंडेशन २०४५ पर्यंत सगळा पैसा खर्चून बंद होईल. लस आज टोचली तर आज मूल वाचतं, हा विचार त्यामागे आहे. आपल्याकडे तलावातला गाळ काढणं, नाला रुंदीकरण, भूकंपानंतरची घरं, ही कामं एकदाच करायची असतात. त्यासाठी आलेला पैसा ठेवीत घालून व्याजावर गाळ काढत बसणं हा वेडेपणा. दरवर्षी जन्मणाऱ्या गरजेला कायम निधी शोभतो: वसतिगृह, वाचनालय, दवाखाना, शिष्यवृत्ती.

८०जीची सवलत कायम निधीला मिळते का?

मिळते, संस्थेकडे ८०जी मान्यता असेल आणि देणारा जुन्या करपद्धतीत असेल तर. २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही.

संस्था निधी नीट सांभाळते हे देणगीदाराने कसं ओळखायचं?

ताळेबंद मागा. सार्वजनिक न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर होतात, त्यामुळे 'अंतर्गत बाब आहे' हे उत्तर ग्राह्य नाही. ताळेबंदात एका बाजूला 'कायम निधी' आणि दुसऱ्या बाजूला 'कायम निधीची गुंतवणूक' या दोन रकमा जुळतात का, एवढंच बघा. निधी २० लाख आणि ठेवी १२ लाख असतील तर उरलेले ८ लाख कुठे, हे विचारा. बहुतेक वेळा ते स्लॅबमध्ये गेलेले असतात. चोरी झालेली नसते, पण तुमचा कायम निधी आता दुसरा मजला झालेला असतो आणि दुसरा मजला व्याज देत नाही. शिवाय २०२१-२२ पासून कायम निधी कलम ११(५) च्या प्रकारांत, त्या निधीसाठीच वेगळा गुंतवलेला असावा लागतो. नसेल तर देणगीवरची सूटच धोक्यात येते.

देणगी देताना पत्रात काय लिहायचं?

पत्र नसेल तर पावतीवर काहीही छापलेलं असो, ती साधी देणगी ठरू शकते. एवढा मजकूर पुरे:

'मी ही रक्कम रुपये ____ आपल्या संस्थेच्या कायम निधीसाठी (कॉर्पस) देत आहे. मुद्दल खर्च करू नये. त्याच्या उत्पन्नातून ____ हे काम करावे. हे काम करणे शक्य न झाल्यास विश्वस्तांनी या हेतूच्या जवळच्या कामासाठी उत्पन्न वापरावे. उत्पन्नातून दरवर्षी कायद्याने शक्य तेवढा भाग मुद्दलात मिळवावा.'

खाली नाव, पत्ता, पॅन, तारीख, सही. चेक किंवा ऑनलाइन भरणा पत्राच्याच तारखेचा, निदान त्याच आठवड्यातला असावा. वर्षअखेरीला, ३१ मार्चला, साध्या देणग्यांसाठी जुन्या तारखेची पत्रं मागवून त्या कायम निधीत वळवण्याचा प्रकार लेखापरीक्षक लगेच ओळखतो. पत्राच्या दोन प्रती करा. एक संस्थेच्या फाइलला जाते. दुसरी तुमच्या मुलांना दाखवून ठेवा, कारण वीस वर्षांनी शाळेत जाऊन 'आमच्या आजोबांच्या ठेवीचं काय झालं' हे विचारणारं त्यांच्याशिवाय कुणी नसेल.